हसे कोणाचे?

रुआबांध्याच्या पोलाद कामगाराला दल्ली-राजहरा परके नाही. तेथल्या लोहखनिजावरच भिलाईच्या भट्ट्या चालत आल्या. त्याच परिसरात चित्रित झालेला अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) हा मतदान केंद्रावरील कर्मचाऱ्यांचा विनोदी चित्रपट. ७६ मतदारांसाठी नियमावर अडून बसणारा कारकून पाहून प्रेक्षक हसतो आणि ‘काय वेडा माणूस!’ म्हणून मोकळा होतो.

या हशाची उलटतपासणी झालीच पाहिजे. परदेशी पत्रकार येताच आदिवासींना हाकून केंद्रावर आणले जाते. उमेदवार कोण, हे त्यांना ठाऊक नाही. यंत्र हे खेळणे समजा, हवे ते बटण दाबा, असे सांगितले जाते. मग हास्यास्पद कोण? कारकून, की लोकशाहीचा देखावा उभारणारी सत्ता? अखेरीस त्याच जंगलात खाणकाम सुरू झालेले दिसते. विनोदाचा खरा अर्थ तेथे आहे.

मात्र एकट्याच्या सचोटीपाशी हा चित्रपट थांबतो. १९७७ साली दल्ली-राजहऱ्याच्या खाण कामगारांनी गोळ्या झेलूनही संघटना मोडू दिली नाही. तो इतिहास जाणणाऱ्या प्रेक्षकाने जरूर हसावे. पण कारकुनाला नव्हे!