पहिला रकाना मराठीचा

वसईच्या वर्गात फळ्यावर स्पॅनिश वाक्य ‘मे गुस्ता एल प्लातानो’ लिहिले. मुलांनी इंग्रजीतून अर्थ लावला आणि कर्ता कोण, कर्म कोण, यात अडकली. मग शेजारी ‘मला केळं आवडतं’ लिहिले. खाली ‘मे गुस्तान लोस प्लातानोस’ आणि ‘मला केळी आवडतात’. केळी अनेक झाली की दोन्हीकडे क्रियापद बदलते. वेगळा नियम सांगावाच लागला नाही. इटालियनचे ‘मी प्याचे’ याच घडणीचे. फ्रेंच आणि पोर्तुगीज मात्र ज्याला आवडते त्यालाच कर्ता करतात.

स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या लॅटिनच्या लेकी आपण इंग्रजीच्या खिडकीतून शिकवतो, म्हणून त्या अवघड वाटतात. नामांचे लिंग मराठी मुलाला नवे नाही. ‘तो गेला, ती गेली’ म्हणणाऱ्याला इटालियनचे ‘आंदातो, आंदाता’ ओळखीचे वाटते. ‘भात खाल्ला, भाकरी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग तर इटालियन आणि फ्रेंचमधल्या सर्वांत छळणाऱ्या नियमाची किल्ली आहे: तिथेही भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलते. फरक एवढाच की कर्म क्रियापदाच्या आधी यावे लागते. ‘ओ मांजातो ला बानाना’ म्हणताना बदल नाही. ‘ते मी खाल्ले’ या अर्थाने सर्वनाम आधी आले की ‘लो मांजाता’. स्पॅनिशने ‘खाल्ले आहे’च्या रूपात ही जुळणी सोडून दिली.

आपल्या वसईत तर हा धागा घरात आहे. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज होते. त्यांच्याकडून आलेली ‘चावी’ घ्या. लिस्बनमध्ये आज तिचा उच्चार ‘शाव’ होतो. आपण त्यांचा जुना ‘च’ जपला. स्पॅनिशमध्ये ती ‘यावे’, इटालियनमध्ये ‘क्यावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’. आता त्याच क्रमाने पाऊस: ‘शूवा’, ‘यूव्या’, ‘प्योज्जा’, ‘प्ल्वी’. लॅटिनचे ‘क्ल’ आणि ‘प्ल’ फ्रेंचने कसे जपले आणि बाकीच्या लेकींनी आपापल्या वळणाने कसे बदलले, ते विद्यार्थी स्वतःच सांगू लागतात.

मराठी सगळीकडे पुरणार नाही. ‘असणे’ या अर्थाची स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधली ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे स्वतंत्रच शिकवावी लागतील, आणि तेही स्पष्ट सांगावे.

शिक्षकमित्रांना एकच विनंती आहे. पुढच्या सत्रात चार भाषांचा तक्ता आखाल, तेव्हा रकाने पाच ठेवा आणि पहिल्यात मराठी वाक्य लिहा. ते वाक्य मुलांकडूनच घ्या.