भंगारातील ग्रंथपाल

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून भाषेच्या जतनाविषयी पुष्कळ बोलले जात आहे. या बोलण्यात ताम्रपट असतात, शिलालेख असतात, हस्तलिखिते असतात. नसतो तो विभागाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला, निर्लेखनाच्या यादीत गेलेला संगणक. वस्तुतः गेल्या तीस वर्षांतले कितीतरी मराठी लेखन, प्रबंधांचे खर्डे, मुलाखतींची शब्दांकने, अनियतकालिकांच्या मुद्रणप्रती, अशाच यंत्रांवर टंकले गेले. ते यंत्र किलोच्या भावाने विकायचे आणि त्याच आठवड्यात ‘डिजिटल युगातील मराठी’ या विषयावर चर्चासत्र भरवायचे, ही विसंगती आपल्याला खटकत कशी नाही?

माझे म्हणणे सरळ आहे. जुन्या संगणकाचा घरगुती किंवा विभागीय सर्व्हर करावा. आणि हे काम तंत्रज्ञावर न सोपवता साहित्याच्या अभ्यासकाने आपले मानावे.

‘सर्व्हर’ या शब्दाला आपण उगाच बिचकतो. सतत चालू राहणारा आणि दुसऱ्या यंत्राने मागितलेली फाईल काढून देणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ग्रंथपालच. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत ज्या यंत्रावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या मेजावरचा संगणक होता. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती.

याउलट ‘क्लाउड’ हा शब्द पाहा. कवितेतल्या एका प्रतिमेवर दोन दोन तास बोलणारे आपण, ही प्रतिमा मात्र निमूटपणे स्वीकारतो. ढग कुणाच्या मालकीचा नसतो, त्याचे भाडे नसते, त्याला टाळे लागत नाही. प्रत्यक्षात हा ढग म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीतली यंत्रे आणि त्यांच्या वापराचा करार. करार संपला की ढग विरतो. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. तेथे मराठीतले वाद झडले, कविता लिहिल्या गेल्या, पुस्तकांवर तावातावाने चर्चा झाल्या. ज्यांनी आपली प्रत वेगळी काढून ठेवली त्यांचे उरले; बाकीच्यांचे मालकाच्या मर्जीवर राहिले. उद्या या काळाचा वाङ्मयेतिहास लिहायला बसणाऱ्याने साधने कुठून आणायची? दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या राजवाड्यांना निदान वाडे तरी सापडत होते.

मराठी साहित्याला हा प्रश्न नवा नाही. पन्नास-साठच्या दशकांत ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘वाचा’ यांसारखी लघुनियतकालिके निघाली. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची दारे ठोठावण्याऐवजी त्या तरुणांनी साधन आपल्या हाती घेतले. काहींनी चक्क सायक्लोस्टाईलवर अंक काढले. त्या चळवळीवर आपण प्रबंध लिहितो, पण तिचा मूळ धडा, मजकुराइतकेच मजकुराचे साधनही आपले हवे, आपण घेत नाही. आजचे सायक्लोस्टाईल यंत्र तुमच्या माळ्यावर पडले आहे.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. जुना लॅपटॉप पडदा मिटून चालवला तर साधारण पंधरा वॅट वीज घेतो. महिनाभर अखंड चालला तर सुमारे अकरा युनिट. शंभर वॅट ओढणारा जुना डेस्कटॉप मात्र बहात्तर युनिट खाईल. तो खरोखरच निवृत्त करावा. म्हणजे प्रत्येक जुने यंत्र राखा असे मी म्हणत नाही. ६४-बिट प्रोसेसर आणि दोन ते चार जीबी मेमरी असलेले यंत्र निवडा, त्यावर डेबियनसारखी मुक्त प्रणाली बसवा, तबकडी नवी घाला. बॅटरी फुगली असेल तर ती आधी काढा. विंडोज १०चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले म्हणून ‘निकामी’ ठरवलेली कितीतरी यंत्रे या कामाला अजून धडधाकट आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. घरातले यंत्र जगाला उघडे करण्याची गरजच काय? ते घराच्या किंवा विभागाच्या वाय-फायपुरते ठेवा. आणि एका यंत्रावर विसंबू नका: एक प्रत दुसऱ्या तबकडीवर, एक दुसऱ्या गावच्या मित्राकडे. क्लाउडवरही एक ठेवा, हरकत नाही. मात्र ती एकमेव नको. पोथ्या टिकल्या त्या एका कपाटामुळे नव्हे, नकला करणाऱ्यांमुळे. शिवाय मजकूर जागा किती घेतो? युनिकोडमध्ये लाखभर शब्दांची कादंबरी सुमारे दोन एमबीत मावते. पाचशे जीबीच्या तबकडीवर एका विभागाची साऱ्या पिढ्यांची टिपणे राहतील.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: ‘हे आमचे क्षेत्र नव्हे.’ येथे मात्र मला कठोर व्हावे लागते. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टंकलेले आहे. तो फाँट नसेल तर त्या फाईलीत अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. आणि तो फाँट बहुधा त्या भंगारात निघालेल्या यंत्रावरच असतो. म्हणून यंत्र पुसण्याआधी त्यातला मजकूर आणि फाँट दोन्ही उतरवून घ्यावे लागतात, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि रूपांतरात मोडलेले रफार, जोडाक्षरे, ऱ्हस्वदीर्घ मुळाशी ताडून पाहावे लागतात. हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्याला कसे जमावे? याला पाठचिकित्सा म्हणतात, आणि ती आपण अभ्यासक्रमात शिकवतो.

तेव्हा पुढच्या वेळी निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी प्राध्यापकांनी एवढेच विचारावे: या यंत्रात काय आहे, ते कोणी वाचून पाहिले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सही एका न वाचलेल्या पोथीच्या विसर्जनाला दिलेली संमती आहे.