आधी रुग्ण, मग नफा?

जपानच्या एझाई या औषध कंपनीने 2005 साली आपल्या नियमावलीतच लिहून ठेवले: आधी रुग्ण आणि त्याचे कुटुंब, नफा त्यामागून. हत्तीरोगावरील डीईसी गोळ्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात बनवून ती जागतिक आरोग्य संघटनेला फुकट देते. याचे कौतुकच आहे.

पण अल्झायमरवरील 'अ‍ॅरिसेप्ट'चे अमेरिकेतील पेटंट 2010 मध्ये संपले, विक्री घसरली. आता वाढीची भिस्त 'लेकेम्बी'वर आहे. 2023 मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ठरली वर्षाला सुमारे 26,500 डॉलर! तेही आजार बरा करत नाही, त्याची गती थोडी मंदावते.

संशोधनाला पैसा लागतो, मान्य. म्हणून फुकट गोळ्या गरिबाला आणि नवे औषध फक्त श्रीमंताला? कंपनीची प्रगती मोजताना विक्रीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा मांडावा: औषध परवडलेल्या रुग्णांचा.