कासारगोडचे पाणी

केरळच्या उत्तर टोकाच्या कासारगोड जिल्ह्यात एंडोसल्फान या कीटकनाशकाने जे घडविले, त्याची चर्चा बहुधा व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या छायाचित्रांपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. आम्हांस मात्र त्यामागील प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. काजूच्या झाडावर फवारलेले विष त्या घरांपर्यंत पोहोचले कसे? हवेने तर पोहोचलेच. पण पाण्यानेही पोहोचले.

केरळ वृक्षलागवड महामंडळ ही सरकारी कंपनी. तिच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून फवारणी होत असे. बागा डोंगरमाथ्यावर आणि वस्ती खाली दरीत. सिंधुदुर्ग व गोव्यातील वाचकांस हा जांभ्या दगडाचा मुलूख परका वाटणार नाही. तेथील लोक डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणून झऱ्याचे पाणी घेतात. माथ्यावर जे पडते ते पावसाबरोबर त्यांच्याच दिशेने उतरते. विहीर फार तर झाकता येते. ओढा कसा झाकावा?

एंडोसल्फान पाण्यात फारसे विरघळत नाही. यावरून ते पाण्याला निरुपद्रवी ठरते, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ते मातीच्या कणांना चिकटते, गाळाबरोबर ओढ्यात येते आणि तळाशी बसते. पुढे त्याचे एंडोसल्फान सल्फेट बनते व ते मूळ द्रव्याहून अधिक काळ टिकते. मासे मरण्यास एका लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश, पुरेसे होतात.

पाड्रे गावचे डॉ. मोहन कुमार यांना आपल्या रुग्णांमधील विचित्र साम्य जाणवले. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा १९९८ मध्ये न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने पाड्रे येथील पाणी, रक्त, मातेचे दूध यांची तपासणी करून त्यांत एंडोसल्फान आढळल्याचे जाहीर केले. त्यावर वाद झाला. काही सरकारी समित्यांना आजारांशी संबंध सिद्ध झालेला दिसला नाही. प्रत्येक व्यंगाचे कारण एंडोसल्फानच, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु पुरावा आणण्याचा भार ओढ्याचे पाणी पिणाऱ्यांवर टाकावा, हे कोणत्या न्यायात बसते?

१३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर अंतरिम बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पीडितास ५ लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. पाच वर्षांनंतर न्यायालयाने हिशेब विचारला, तेव्हा ३,७०४ पीडितांपैकी केवळ ८ जणांना ही रक्कम मिळाल्याचे उघड झाले. अवमान याचिका घेऊन पुन्हा न्यायालयाच्या दारी आलेले तेच हे आठ जण.

दोष केवळ दिरंगाईचा नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा नोंदणी, परवाना, विक्री आणि वेष्टनावरील सूचना यांवर लक्ष ठेवतो. १९७४ चा जलप्रदूषण कायदा मुख्यत्वे सांडपाण्याच्या मुखाशी उभा राहतो, म्हणजे कारखान्याच्या नळाशी. शेताला असा नळ नसतो. बांधावरून, चरातून, मातीखालून जे झिरपते त्यासाठी संमतिपत्र कोणी मागत नाही, आणि म्हणून कोणी जबाबदारही ठरत नाही. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा त्यांतील मोजक्याच द्रव्यांवर गदा आली. उरलेल्यांच्या बाबतीत ओढ्यांचे पाणी नियमित तपासण्याची तरतूद निदान सोबत यावयास हवी होती.

कासारगोडात फवारणी थांबल्यावर न वापरलेला साठा महामंडळाच्या गोदामांत वर्षानुवर्षे पडून राहिला. त्यातील काही भाग एका पडक्या विहिरीत पुरल्याची तक्रार पुढे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली.