बालीची चित्रकला कोणी जागी केली?

गेल्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला होता : ‘बालीच्या चित्रकलेवरील पाश्चात्त्य प्रभाव स्पष्ट करा.’ मी लिहिले, की शतकानुशतके एकाच साच्यात झोपून राहिलेल्या ह्या कलेला १९२७ साली बालीत स्थायिक झालेले जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि १९२९ साली आलेले डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट ह्यांनी जागे केले. गुण चांगले पडले. त्यानंतर ग्रंथालयात ह्या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि आता त्या उत्तराची मला लाज वाटते. गुण परत करण्याची सोय नाही. निदान उत्तर तरी जाहीरपणे मागे घ्यावे, म्हणून हा लेख.

आधी त्या ‘साच्या’विषयी. क्लुंगकुंगच्या राजधानीलगत कामासान नावाचे चित्रकारांचे गाव आहे. कापडाला तांदळाची खळ लावायची, उन्हात वाळवायचे, कवडीने घासून गुळगुळीत करायचे आणि मग चित्र काढायचे, ही तिथली रीत. रेखाटन जाणता चित्रकार करी. रंग घरची माणसे, त्यांत बायकाही, भरत. चित्राखाली सही नसे. आकृती छायानाट्यातल्या बाहुल्यांसारख्या, आणि कथा बहुधा रामायण-महाभारताच्या. क्लुंगकुंगच्या ‘कर्ता गोसा’ ह्या न्यायमंडपाच्या छतावर भीम यमलोकात जाऊन पंडू आणि माद्री ह्यांची सुटका करतो, अशी कथा रंगवलेली आहे. आपल्या ओळखीच्या महाभारतात ती सापडत नाही. ज्यांनी बाहेरून आलेले महाकाव्य इतके आपलेसे केले, त्यांना बदल माहीत नव्हता असे म्हणणे कितपत योग्य आहे?

शिवाय त्या छतावरची चित्रे आज आपण पाहतो ती विसाव्या शतकात पुन्हा रंगवलेली आहेत. दमट हवेत कापड टिकत नाही. म्हणून प्रत्येक पिढीला जुने चित्र नव्याने काढावे लागते. परंपरा म्हणजे तिथे पेटीत जपलेली वस्तू नव्हे, पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम आहे.

श्पीस येण्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, उत्तर बालीत राहणारे भाषापंडित व्हान देर टूक ह्यांनी तिथल्या चित्रकारांकडून युरोपीय कागदावर चित्रे काढून घेतली होती. ती आज लायडेन विद्यापीठात आहेत. टूक १८९४ साली वारले. म्हणजे नवा कागद आणि नवा ग्राहक बालीच्या चित्रकाराने श्पीसपूर्वीच पाहिला होता.

मग ‘झोप’ कुठली? १९०६ साली बादुंगच्या आणि १९०८ साली क्लुंगकुंगच्या राजघराण्यातील माणसे डच फौजेच्या बंदुकांसमोर चालत गेली आणि मारली गेली. त्यांच्याबरोबर चित्रकारांचा मोठा आश्रयदाता गेला. आश्रयदाता मारला गेला त्याला आम्ही कलेची झोप म्हणायचे, आणि पुढे त्याच सत्तेच्या छायेत आलेल्या पाहुण्यांना वैतालिक ठरवायचे, हे मला पटत नाही.

श्पीस आणि बोनेट ह्यांचे ऋण मी नाकारत नाही. १९३६ साली उबुदच्या सुकवती राजघराण्याच्या साहाय्याने त्यांनी ‘पिता महा’ ही चित्रकारांची संस्था उभारली. (नाव आपल्या ‘पितामह’ शब्दाचेच.) प्रवाशांसाठी घाईने काढलेल्या मालाला तिने आळा घातला, चित्रे परदेशी प्रदर्शनांत नेली. परंतु चांगले चित्र कोणते ह्या निवडीत ह्या दोघा पाहुण्यांचा शब्द मोठा होता. तो आधार होता, तसा लगामही होता.

आणि चित्रकारांनी तरी ते सारे जसेच्या तसे कुठे घेतले? संस्थेच्या संस्थापकांतले इ गुस्ती न्योमान लेम्पाद हे आधीपासूनच नावाजलेले वास्तुशिल्पी. कोऱ्या कागदावर मोजक्या काळ्या रेषांनी त्यांनी जी माणसे उभी केली, ती युरोपची नाहीत आणि कामासानचीही नाहीत. बातुआन गावच्या चित्रकारांनी कागद आणि शाई घेतली. पण त्यांच्या चित्रांत काळोख, भुतेखेते आणि दाटी जशीच्या तशी राहिली. पुढे त्याच गावच्या इ वायान बेंदी ह्यांनी त्या दाटीत कॅमेरेवाले प्रवासी आणि विमाने आणून बसवली. ज्यांनी बालीला पाहण्याची वस्तू केली, त्यांनाच बाली पाहू लागली!

१९७० साली ‘सांगार देवाता इंडोनेशिया’ हा गट स्थापन झाला, तो योग्यकर्त्याच्या कला अकादमीत शिकणाऱ्या बालीच्या विद्यार्थ्यांकडून, म्हणजे आपल्यासारख्या मुलांकडून. त्यांतल्या न्योमान गुनार्सा ह्यांनी छायानाट्याच्या आकृती मोकळ्या, वेगवान फटकाऱ्यांनी रंगवल्या, आणि पुढे क्लुंगकुंगजवळ जुन्या चित्रांचे संग्रहालयही उभे केले. नवे करणारा हात आणि जुने सांभाळणारा हात एकाच माणसाचे होते.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न पुन्हा घालायचाच असेल तर असा घालावा : ‘देऊळ, राजा, प्रवासी आणि स्वतःचे मन ह्या चार ग्राहकांशी बालीच्या चित्रकाराने कसा व्यवहार केला?’ उत्तर लिहायला अवघड जाईल, कदाचित गुणही कमी पडतील. पण ते लिहिताना कोणत्याही बेटाला झोपलेले म्हणावे लागणार नाही.