स्विचला हाताने दाखवलेली वाट

स्विच पत्ते शिकतो ते फ्रेम पाठवणाऱ्याकडून. मल्टिकास्ट गटाचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधी येतच नाही, मग तो शिकणार कुठून? परिणामी एका कॅमेऱ्याचा व्हिडिओ व्हीलॅनमधल्या प्रत्येक पोर्टवर ओतला जातो. नेहमीचा उपाय आयजीएमपी स्नूपिंग: कोणत्या पोर्टवरून गटाची मागणी आली, हे स्विच ऐकून ठेवतो. पण काही उपकरणं मागणीच करत नाहीत. त्यांच्यासाठी व्हीलॅन, गटाचा एमएसी पत्ता आणि पोर्ट हाताने नोंदवावे लागतात. इथे घाई करू नये, असं मी कळकळीने सांगेन. आयपीव्ही४ गटपत्त्यात २८ बिट बदलते असतात, एमएसी पत्त्यात त्यांतले शेवटचे २३ च उतरतात. म्हणजे ३२ गटांना एकच एमएसी. २३९.१.१.१ साठीची नोंद २३८.१.१.१ लाही लागू होते, आणि २३९.१२९.१.१ लासुद्धा, हा दुसरा तर भल्याभल्यांना फसवतो. म्हणून गटांचे पत्ते आधी कागदावर मांडून पाहावेत. शिवाय ही नोंद काळाने पुसली जात नाही: केबल दुसऱ्या पोर्टात हलवली, तरी व्हिडिओ जुन्याच पोर्टकडे जात राहतो. तेव्हा नोंद का केली, ते पोर्टच्या वर्णनात त्याच दिवशी लिहा, आणि कॉन्फिगरेशन सेव्ह केल्याशिवाय उठू नका.