नियमाबरोबर त्याची हद्दही शिकवा

तापमान कायम ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, तर तो पाण्यात दुप्पट विरघळतो. विल्यम हेन्रीचा हा १८०३ सालचा नियम. सोड्याच्या बाटलीचे उदाहरण दिले की परीक्षेत गुण मिळतात. पण नियमाची हद्द कोणती, हे कोणी विचारत नाही.

नैसर्गिक वायूतील कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी तो वायू मनोऱ्यात अमाइनच्या पाण्यातील द्रावणाशी भिडवतात. येथे कार्बन डायऑक्साइड नुसता विरघळत नाही. अमाइनशी त्याचा संयोग होतो. त्यामुळे कमी दाबालाही तो पुष्कळ शोषला जातो. अमाइन संपत आले, की दाब वाढवूनही फारसा फरक पडत नाही. आलेखावरची सरळ रेषा वाकते!

म्हणून हेन्री खोटा ठरत नाही. संयोग न झालेल्या वायूला त्याचा नियम लागू असतोच. त्याला रासायनिक समतोलाची समीकरणे जोडावी लागतात. नुसत्या हेन्रीवर विसंबून आखलेल्या मनोऱ्याचा हिशेब साफ चुकेल.

अशा शोषणावर डँकवर्ट्स आणि मनमोहन शर्मा यांचा महत्त्वाचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. शर्मा तेव्हा माटुंग्याला, मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने जाण्याजोगे हे ठिकाण!

उद्या कारखान्यांत हिशेब करणारी मुले आज आपल्याच वर्गात आहेत. शिक्षकांनी प्रत्येक नियमानंतर एक प्रश्न जरूर विचारावा: हा कोणत्या अटीवर खरा? आणि शिक्षक विसरले, तर विद्यार्थ्यांनो, तुम्ही विचारा.